प्रार्थनेत डोळे उघडले तेव्हा

गेल्या शनिवारी सकाळी, नाशिक रोडला आमच्या चर्चच्या अंगणात, माझे हातपाय गार पडले. मे महिन्याचं ऊन डोक्यावर तापलं होतं... आणि मी कापत होते.

सध्या आमच्याकडे मुलांची सुट्टीतली बायबल शाळा चालू आहे. गाणी, गोष्टी, चित्रं, सरबत आणि शेवटी प्रार्थना. आम्ही टीचर म्हणजे कोणी नोकरदार, कोणी गृहिणी, सगळ्याच पोरांना गप्प करता करता घसा बसलेल्या.

यंदा मदतीला एक नवे गृहस्थ येत होते. बदली होऊन इकडे आलोय म्हणाले. गोड बोलणं, सगळी गाणी तोंडपाठ, सतरंज्या घालायला पुढे, सरबत वाटायला पुढे. आम्ही बायका तर भलत्याच खूश... देवानेच माणूस पाठवला म्हणत होतो.

आधी कुठल्या चर्चला जात होते, तिथले पाळक म्हणजे धर्मगुरू कोण, एक फोन करून विचारावं हे कोणाच्या डोक्यातही आलं नाही. 'जय ख्रिस्त' म्हणून हात मिळवला की माणूस घरचा. आमचं हे असंच असतं.

शेवटची प्रार्थना आमचे पाळकसाहेब घेतात आणि ती चांगलीच लांबते. सगळे हात जोडून, डोळे मिटून उभे. आमेन होईपर्यंत डोळे उघडायचे नाहीत, हे आम्ही मुलांना पहिल्या दिवशीच शिकवतो. टीचरने तर मुळीच उघडायचे नाहीत.

त्या दिवशी मध्येच माझा फोन पर्समध्ये थरथरायला लागला. तो बंद करायला म्हणून डोळे उघडले... आणि नजर फाटकाकडे गेली.

ते गृहस्थ रूथला घेऊन चालले होते.

रूथ दुसरीतली मुलगी. तिचे आईवडील सुरगाण्याकडून कामासाठी इकडे आलेले. वडील एकलहऱ्याच्या वीज केंद्रात ठेकेदाराकडे कामाला असतात, आई कॉलनीत धुणीभांडी करते. पोरगी अगदी अबोल... सांगाल तिथे बसेल, सांगाल ते करेल. तिचा हात त्यांच्या हातात होता आणि ती मुकाट्याने चालत होती. फाटक सताड उघडं होतं, बाहेर त्यांची गाडी उभी होती.

आणि तरी मी लगेच ओरडले नाही. प्रार्थना चालू आहे, पाळकसाहेब बोलतायत, मध्येच आवाज कसा काढायचा? माणूस ओळखीचा आहे, काहीतरी कारण असेल... आणि नसलं तर?

ती दोघं फाटकाबाहेर पडली आणि माझ्या तोंडून किंकाळीच निघाली. "रूथ!"

प्रार्थना थांबली. मी धावत जाऊन तिचा दुसरा हात धरला. ते गृहस्थ हसले. म्हणाले, "अहो टीचर, हिची पाण्याची बाटली माझ्या गाडीत राहिलीय. तेवढी देत होतो."

रूथची बाटली तिच्या गळ्यात होती.

मी बाटलीकडे बघितलं. त्यांनीही बघितलं. चेहऱ्यावरचं हसू तसंच होतं, पण हात सुटला. "तुमचा गैरसमज झालाय," म्हणाले, गाडीत बसले आणि निघून गेले. तेव्हापासून त्यांचा फोन बंद आहे. ज्या सोसायटीत राहतो म्हणाले होते, तिथे या नावाचा कोणी राहतच नाही.

पोलिसांत तक्रार दिली आहे. कदाचित खरंच काही नसेलही... पण मला डोळे मिटायची भीती वाटते. मिटले की ते उघडं फाटक दिसतं.

त्याच दुपारी चर्चची कमिटी बसली. एक ज्येष्ठ काका कुरकुरले, "देवाच्या घरात डोळे उघडे ठेवून पहारा करायचा का आता?" पाळकसाहेबांचा चेहरा अजून उतरलेलाच होता. ते म्हणाले, "काका, पोरं आपल्या हवाली केलेली आहेत. प्रार्थनेच्या वेळी फाटकाला कडी लागेल आणि दोन टीचर डोळे उघडे ठेवून उभ्या राहतील. नवीन माणूस मदतीला येणार असेल तर मी आधी त्याच्या पाळकांना फोन करीन. आणि कोणीही, अगदी मीसुद्धा, एका मुलाला घेऊन एकटा कुठे जाणार नाही."

संध्याकाळी रूथच्या आईला सगळं सांगायला आम्ही त्यांच्या खोलीवर गेलो. तिने रूथला जवळ ओढून घेतलं. मग म्हणाली, "टीचर, मीच सांगलं व्हतं तिला. चर्चमधल्या मोठ्या मान्सांचं ऐकायचं, नाय म्हनायचं नाय."

वर्गात मीही इतकी वर्षं तेच शिकवत आलेय.

सोमवारी मुलांना गोल करून बसवलं आणि एक नवा खेळ घेतला. मी म्हणायचं, "चल माझ्याबरोबर, कोणाला सांगू नकोस." मुलाने मोठ्याने नाही म्हणायचं आणि जागेवरून हलायचं नाही. पोरांना तर चेवच चढला, टीचरला नाही म्हणायला मिळतंय म्हणून एकेक जण बोंबलत होता.

रूथची पाळी आली. "चल" म्हटलं... ती उठली आणि माझा हात धरून चालायला लागली. परत बसवलं, परत समजावलं, परत विचारलं. परत उठली. त्या दिवशीही ती अशीच निघाली असणार.

मग आणखी एकदा म्हटलं. ती अर्धवट उठली, थांबली आणि हळूच खाली बसली. माझ्याकडे न बघता सतरंजीचा दोरा ओढत पुटपुटली, "नाय."

माझी भीती गेलेली नाही, इतक्यात जाईल असं वाटतही नाही. पण एका मुलीने माझं ऐकलं नाही म्हणून मी देवाचे आभार मानले... आयुष्यात पहिल्यांदाच.