सहा फुटांची खोली

मुलांनो, तुम्हा दोघांना मराठी वाचता येत नाही हे मला ठाऊक आहे. म्हणजे हे तुमचे बाबा तुम्हाला मोठ्याने वाचून दाखवतील. मी आयुष्यभर इंग्रजी शिकवले, तेव्हा तुम्हाला इंग्रजीत लिहिणे मला सोपे होते. तरी मराठीत लिहिते आहे, कारण यातले एक वाक्य तुमच्या बाबांचे आहे आणि ते त्यांनी पुन्हा एकदा स्वतःच्या तोंडाने म्हणावे असे मला वाटते.

आत्ताच लिहिण्याचे कारण असे. आपला कोथरूडचा बंगला दिवाळीनंतर पाडणार आहेत, तिथे सात मजली इमारत होणार. परवा बिल्डरचा माणूस मापे घ्यायला आला. जिन्याच्या वळणावरच्या माझ्या खोलीत तो वाकून शिरला, टेप धरली आणि कागदावर लिहिले, ‘माळा’. मी म्हटले, “ही खोली आहे.” तो म्हणाला, “आजी, सहा फूट उंचीला खोली धरत नाहीत.” त्याचे बरोबर असेल. ती खोली सहा फुटांची कशी झाली, ते मात्र तुम्हाला माहीत असावे.

तेव्हा बाहेरच्या कंपन्या देशात येऊ लागल्या होत्या आणि कारखान्यांत माणसे कमी करणे सुरू होते. तुमचे आजोबा मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात टूलरूमचे, म्हणजे साचे आणि हत्यारे घडवणाऱ्या विभागाचे, प्रमुख होते. नवी यंत्रे आली, ती संगणकावर चालत, आणि त्रेपन्नाव्या वर्षी त्यांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली. त्यात स्वेच्छा किती होती ते मी विचारले नाही. त्याच वर्षी तुमचे बाबा सॉफ्टवेअरच्या नोकरीसाठी अमेरिकेला गेले. घरात आम्ही दोघे उरलो, आणि माझा क्लास.

क्लास वळणावरच्या खोलीत भरे. बंगला बांधताना खाली साडेसात फूट उंचीचे गॅरेज आणि त्यावर ही खोली, अशी रचना होती. खोली चांगली साडेनऊ फूट उंच. एक फळा, बारा खुर्च्या, रस्त्याकडे खिडकी. अकरा वर्षे मी तिथे संध्याकाळी इंग्रजी बोलायला शिकवत होते. आधी शाळेतली मुले येत. मग अकोला-अमरावती-नागपूरकडून नोकरीसाठी आलेले तरुण येऊ लागले. कॉट बेसिसवर, म्हणजे कुणाच्या तरी खोलीतली एक खाट भाड्याने घेऊन राहायचे, आणि सगळ्यांना संगणक कंपनीची मुलाखत द्यायची असे. दोघी तर वाघोलीच्या कॉलेजातून दोन बस बदलून येत. माझ्या क्लासचा एकच नियम होता. बोलायचे ते उभे राहून. बसून बोललेले इंग्रजी घशातच राहते, असे माझे मत होते आणि आहे. मीही तास संपेपर्यंत बसत नसे. घरातली तेवढी एकच जागा अशी होती, जिथे मला कोणी चहा मागत नसे.

आजोबा आठ महिने घरी बसून होते. आमची जुनी पांढरी मोटार ते रोज खोलत आणि रोज जोडत. ओळखीचे लोक आपापल्या गाड्या आणू लागले. पोत्यावर आडवे होऊन, गाडीखाली सरपटून त्यांची पाठ धरली. डॉक्टरांनी जमिनीवर झोपायचे नाही म्हणून बजावले. मग एका बंद पडलेल्या सर्व्हिस स्टेशनमध्ये त्यांना गाडी उचलायची लिफ्ट मिळाली. दोन लोखंडी खांब, त्यांना चार हात, मध्ये गाडी. बटण दाबले की गाडी वर, माणूस खाली ताठ उभा. त्या दिवशी आठ महिन्यांत पहिल्यांदा ते जेवताना बोलले.

आता आमच्या घरची एक पद्धत सांगते, कारण सगळे तिच्यावरच अडले. कोणतेही काम निघाले की आजोबा कॅलेंडरच्या पाठकोऱ्या कागदावर पेन्सिलीने खरडत, आणि मी त्याची पक्की प्रत करत असे. लग्नातल्या पाहुण्यांची यादी असो, तुमच्या बाबांचा व्हिसाचा अर्ज असो, कच्चे त्यांचे आणि पक्के माझे. पक्क्या प्रतीत खाडाखोड करायची नाही, हा नियम माझाच. आणि माझे कधी चुकत नाही म्हणून ते पक्की प्रत परत वाचत नसत. तिच्यावर सही करत आणि कामाला लागत.

लिफ्ट आपल्या गॅरेजात बसवायची होती आणि साडेसात फुटांत ती मावणार नव्हती, म्हणून गॅरेजचा नवा नकाशाही तसाच माझ्याकडे आला. मी ग्राफचा कागद घेतला, कडक पेन्सिल, नंतर शाई. खालून वर मांडत गेले. गाडीखाली उभे राहायला सहा फूट. गाडीची स्वतःची उंची पावणेपाच. वर तीन इंच मोकळे. झाले अकरा. म्हणजे गॅरेजची स्लॅब साडेतीन फूट वर न्यायची. घराचे छप्पर होते तिथेच राहणार, बाहेरून पाहणाऱ्याला काही कळणारही नाही. मी सुंदर रेघा मारल्या. गाडीसुद्धा काढली, तिच्या चाकांचे नट मोजून. आणि सगळ्यात वरच्या चौकोनात काय उरले ते लिहायला गेले, तेव्हा हातातले पेन थांबले. सहा फूट.

मी पाच फूट एक इंच होते. उभी राहिले असते.

बोलायला हवे होते ते त्याच वेळी. मी काय केले? त्या चौकोनात ‘शिकवण्याची खोली, ६ फूट’ असे लिहिले आणि आकड्याखाली दोन रेघा ओढल्या. मला वाटले, ते पाहतील आणि विचारतील. त्यांनी सही केली आणि म्हणाले, “वा! आता याच्यापुढे काय बोलायचं?”

खरेच, त्याच्यापुढे काय बोलायचे होते? माझेच अक्षर.

कंत्राटदार मुळशीकडचा होता. त्याने कागद उलटसुलट केला, वर जाऊन खोली पाहून आला.

“बाई, वर ऱ्हानार कोन हाय?”

“मी.”

“मंग बरोबर हाय. सायबांनी जायचं न्हाय. कपाळमोक्ष हुईल.”

आजोबा हसले. म्हणाले, “तिचं काही अडत नाही हो. ती बसूनच शिकवते.”

अकरा वर्षे! त्या खोलीत ते एकदाही तासाला डोकावले नव्हते. मी तिथेच म्हणायला हवे होते की मी उभी राहून शिकवते. त्याऐवजी मी कंत्राटदाराला विचारले, “वर जाण्याऐवजी खाली खणलं तर?”

त्याने कोपऱ्यात पहार लावली. दीड फुटावर ठणकन आवाज आला. “काळा फत्तर हाय, बाई. सुरुंग लावावा लागंल. लावायचा?” शेजारी वकील राहत होते. सुरुंगाचा विषय तिथेच संपला.

मग मी हॉल मागितला. आजोबा म्हणाले, “अगं, हॉलमध्ये लोक येतात-जातात.” लोक म्हणजे त्यांचे मोटारवाले. रविवारी तुमच्या बाबांचा फोन आला. मी जरा मोकळेपणाने सांगितले. ते म्हणाले, “आई, बाबांना काहीतरी हवंच ना. तू अजून किती दिवस क्लास घेणार?”

तेच ते वाक्य. राग नव्हता त्यात, काळजीच होती. पण त्याच खोलीत, त्याच फळ्यापुढे उभे राहून त्यांनी आपल्या मुलाखतीची तयारी केली होती. मी “बरं, ठेवते” म्हटले आणि फोन ठेवला.

पावसाळ्याआधी काम झाले. खोलीचे दार होते तिथेच राहिले. आत शिरले की लगेच सहा पायऱ्या, आणि त्या चढून गेले की नवी जमीन. खिडकीचा खालचा भाग विटांनी बुजला आणि उरलेली खिडकी गुडघ्याशी आली. रस्ता पाहायचा तर फरशीवर बसावे लागे. छताचा पंखा काढला. फळा आडवा होता तो छताला टेकून कसाबसा बसला. मी हात वर केला की तळवा सपाट छताला लागे. दिवसातून कितीदा तरी मी तिथे जाऊन उभी राहत असे आणि हात लावून पाहत असे, जणू रोज थोडे वर जाईल. खालून लिफ्टचा घरघराट आला की फरशी पायाखाली थरथरे. आपण कुणाच्या तरी डोक्यावर उभे आहोत आणि आपल्या डोक्यावरही कोणीतरी आहे, असे वाटे.

क्लास सुरू झाला. नियम मोडायचा नाही, असा माझा हट्ट. पहिल्याच दिवशी अमरावतीचे एक गृहस्थ बोलायला उठले. कारखान्यात वायरमन, बत्तीस वर्षांचे, घरी बायको आणि मुलगी, संगणक कंपनीत देखभालीची नोकरी मिळवायची होती. उंची सहा फूट एक इंच. मान खांद्यावर टाकून ते म्हणाले, “मॅडम, बसून बोलू काय? असं मान वाकडी करून ‘आय ॲम कॉन्फिडंट’ म्हणनं बरं नाही दिसत जी.”

सगळे हसले. मीही हसले. पण म्हटले, “नाही. उभं राहूनच.” ते तसेच बोलले. त्यांच्यामागून दुसरे, तिसरे. पंधरा दिवसांत बाराचे सात उरले. कोणी तक्रार केली नाही, येणे तेवढे बंद केले. माझा क्लास मीच लिहून दिलेल्या आकड्यात संपत होता, आणि मी तो आकडा रोज हाताने चाचपत होते.

एका संध्याकाळी आजोबा वर आले. खाली कुणाची तरी गाडी पूर्ण वर चढली होती आणि ती मला दाखवायची होती. शेवटच्या पायरीवर त्यांचे कपाळ छताला आपटले. ते कपाळ धरून, कमरेत वाकून उभे राहिले. समोर अमरावतीचे गृहस्थ मान वाकडी करून आपला पत्ता इंग्रजीत सांगत होते.

“हे उभे का?” आजोबांनी विचारले.

“इथे उभं राहूनच बोलतात.”

“आणि तू?”

“मीही. अकरा वर्षं.”

ते खाली गेले. थोड्या वेळाने लिफ्ट उतरल्याचा आवाज आला. रात्री जेवताना त्यांनी तो ग्राफचा कागद मागितला आणि पहिल्यांदा नीट वाचला. दोन रेघांवर बोट ठेवून म्हणाले, “हे तू तोंडाने का नाही सांगितलंस?” मी म्हटले, “तुम्ही वाचाल असं वाटलं.” मग दोघांनी भात संपवला.

दुसऱ्या दिवशी त्यांनी फळा खाली नेला आणि गॅरेजच्या मागच्या भिंतीला, दोन खांबांच्या मधोमध ठोकला. म्हणाले, “संध्याकाळी सहाच्या आत गाडी बाहेर असेल.” बहुतेक दिवस असे. काही दिवस एखादी गाडी अर्धवट खोललेली वरच अडकून राही, आणि मी तिच्या खाली उभी राहून शिकवत असे, किंवा मुलांना परत पाठवत असे. रोज पाच वाजता मला जिन्यात येऊन विचारावे लागे, “गाडी उतरली का?” स्वतःच्या तासाची परवानगी मागण्याची सवय मला कधीच झाली नाही. नऊ वर्षे विचारत होते. उंची मात्र भरपूर होती. अमरावतीच्या गृहस्थांना ती नोकरी मिळाली. पेढे घेऊन आले तेव्हा खांबाजवळ ताठ उभे राहिले आणि पहिला पेढा आजोबांना दिला.

वरची खोली माझीच राहिली. तिथे दुसरे कोणी उभेच राहू शकत नव्हते. पुस्तके नेली, खिडकीशी गादी टाकली. मी तिथून पुढे बसून राहायला शिकले.

आजोबा गेल्यावर लिफ्ट भंगारात दिली. फळा गॅरेजच्या भिंतीवर आहे, बिल्डर तो उतरवून देणार आहे. खोली दिवाळीपर्यंत आहे. ग्राफचा कागद माझ्या कपाटात, वरच्या कप्प्यात, प्लॅस्टिकच्या पिशवीत आहे. त्यावर आजोबांची सही आहे, आणि वरच्या चौकोनात ‘शिकवण्याची खोली’ असे लिहिलेले आहे. शाई अजून वाचता येते.