लग्नातल्या पाटल्या

दुबईला लेकीचं बाळंतपण उरकून आम्ही दोघं परत आलो, तेव्हा मुंबईच्या विमानतळावर कस्टमच्या बाईंनी माझ्या हातातल्या पाटल्यांवर बोट ठेवलं. "तिकडून आणल्यात? ड्यूटी भरावी लागेल."

"माझ्या लग्नातल्या आहेत," मी म्हटलं. त्यांनी जातानाचा कागद मागितला. अंगावरचं सोनं जाताना लिहून द्यायचं असतं, हे आम्हाला कुठं ठाऊक! आमचे हे तर छताकडं बघत उभे राहिले.

"काढा बघू."

माझं डोकंच फिरलं. "तुम्हीच काढा," म्हणत मी हात पुढं केला. त्यांनी ओढून पाहिलं, साबण लावून पाहिलं. पाटली अंगठ्याच्या हाडापुढं सरकेना. खाली मनगटावर तीस वर्षांचा वण होता. तो बघून बाईंना हसू आलं. "जा मावशी. ह्या काही परवा घातलेल्या नाहीत."

सुटल्यासारखं होऊन मला रडूच आलं.

औरंगाबादच्या गाडीत बसल्यावर ह्यांना कंठ फुटला. "बरं झालं, आपण त्या सैल करून घेतल्या नाहीत."

आपण! सोनाराकडं जा, सोनाराकडं जा म्हणून दहा वर्षं माझं डोकं कुणी खाल्लं होतं?