गिमलेटचे गुण

“एकच ग्लास घेतेस, मान्य. पण तो एक ग्लास एका संध्याकाळी किती ठिकाणी घेतेस, तेवढं सांग ताई.”

आवाज चढला की धाकटा भाऊ पंख्याकडे बघून बोलायचा. ताई समोरच्या खुर्चीत पर्स मांडीवर घेऊन बसली होती. आल्या आल्या त्याने तिला धरलं होतं, चपला काढायचीही उसंत दिली नव्हती.

“तुला कोणी सांगितलं?”

“खालच्या टेलरने. चौकातल्या बारमधून तू बाहेर पडलीस आणि रस्ता ओलांडून समोरच्या बारमध्ये शिरलीस. आज पहिल्यांदा नाही म्हणाला.”

“टेलर तिथे काय करत होता?”

“बटणं आणायला गेला होता.”

“बारमध्ये?”

स्वयंपाकघरातून खुसखुस ऐकू आली.

“हसू नकोस,” भाऊ आत बघून ओरडला. “तुझ्या नणंदेची अब्रू चाललीय.”

“मी कुठे हसले? भांडं घसरलं,” भावजय म्हणाली.

एरवी ताईही हसली असती. आज तिने पर्सचा पट्टा बोटाला गुंडाळला, सोडला, परत गुंडाळला. भाऊ तिला बेवडी समजत होता आणि तिला त्याचं बरंच वाटत होतं. समजू दे. खरं समजण्यापेक्षा हे परवडलं.

फळांचे रस आणि जॅम बनवणाऱ्या कारखान्यात ताईची उभी हयात गेली होती. रसाचं पिंप भरलं की ते आधी तिच्या नाकाखालून जायचं, मगच बाटल्यांत. कामगार तिला नाकवाली म्हणायचे, तिच्या तोंडावरसुद्धा. घरातही तेच. कालची भाजी, उघडं राहिलेलं लोणी, भावाच्या नातीचं दूध, सगळं आधी ताईपुढे. ती वास घेऊन “खा” म्हणाली की खायचं, “टाक” म्हणाली की टाकायचं. वाद नाही.

शनिवारी काम सुटलं की ती आणि कारखान्यातली लॅबवाली मैत्रीण कुठल्या तरी बारमध्ये जाऊन एक एक गिमलेट घ्यायच्या. जिन, लिंबू, जराशी साखर, बर्फात घालून खळखळून हलवलेलं. दोघींना दुसरं काही आवडायचं नाही. दहापैकी गुण द्यायच्या, पण तोंडाने नाही. एकीचं मत दुसरीला चिकटू नये म्हणून दोघींनी एकदम टेबलावर बोटं दाखवायची. शून्य असेल तर मूठ. लिंबू ताजं पिळलंय की बाटलीतलं, ग्लास कुठल्या फडक्याने पुसलाय, सगळं ताई सांगायची. एका बारवाल्याने तर ती दारात दिसली की नवं लिंबू चिरायला घ्यायची सवयच लावून घेतली होती.

मग एका शनिवारी ताईने आठ बोटं दाखवली आणि समोर लॅबवालीची मूठ होती.

“थट्टा करतेस?” लॅबवालीने ग्लास दूर सारला. “फिनेलचा भपकारा येतोय. बादलीत बुडवून आणलेत की काय.”

ताईचा अर्धा ग्लास संपला होता. तिने पुन्हा नाक खाली नेलं. बर्फाचा गारवा लागला. बाकी काही नाही. जणू कोणी मधे काच धरली होती.

“तुला बघायला मुद्दाम आठ दाखवले,” ती म्हणाली. लॅबवाली हसली, पण जरा उशिरा.

त्या दिवसापासून ताई बार शोधत फिरत होती. जिनमध्ये पाणी घालतात हे लोक, शहर सगळं चोर झालंय, अशी तिने स्वतःची समजूत घातली. इथली जिन पातळ, तिथलं लिंबू शिळं. कुठेतरी एका ग्लासातून तो झाडाच्या सालीसारखा उग्र वास झपकन वर येईल आणि सगळं होतं तसं होईल. ती एक एक घोट घ्यायची, ग्लास तसाच ठेवून उठायची, पुढच्या दारात शिरायची. जिभेला आंबट कळायचं, गोड कळायचं, घसा जळायचा. प्रत्येक बारला तिने नापास केलं होतं. कारखान्यात ती हाताखालच्या मुलीला आधी हुंगायला लावून, तिचा चेहरा बघून पिंपं पास करत होती.

आणि डोक्यात सारखी आई यायची. आईचंही असंच सुरू झालं होतं. भात करपला तरी तिला वास यायचा नाही, आणि ही दोघं बहीणभाऊ तिला हसायची. मग आई घराची वाट चुकली. मग तिने भावाला विचारलं, तुम्ही कोणाकडे आलात? शेवटी शेवटी ताईने भरवलेला घास ती अनोळखी माणसाच्या हातून घ्यावा तसा संशयाने घ्यायची. भाऊ हे विसरलेला नव्हता. “वास येत नाही” एवढे तीन शब्द ऐकले की तो पंख्याकडे बघायचा थांबेल, हे ताईला माहीत होतं. म्हणून बेवडीच बरी.

“काहीतरी बोल,” भाऊ म्हणाला. “या वयात हे शोभतं का? सून आलीय घरात.”

“सूनबाईंचं काही म्हणणं नाही,” सून लेकीला कडेवर घेऊन बाहेर आली. दुसऱ्या हातात दुधाचं पातेलं होतं. “भांडण नंतर करा. आत्या, हे जरा बघा हो. दुपारी फ्रिजबाहेर राहिलं होतं. बाईसाहेबांना भूक लागलीय.”

पातेलं ताईच्या नाकाशी आलं. पोरीने त्याच्याकडे हात पसरले.

दूध पांढरंशुभ्र होतं. कडेला कण नाही, वर तार नाही. ताईने खोल श्वास घेतला. पुन्हा घेतला. तिच्या काखेत घाम आला.

“चमचा आण.”

“चमचा कशाला? तुम्ही तर लांबूनच सांगता.”

“आण म्हटलं ना.”

चमचाभर दूध तिने जिभेवर धरलं. आंबट नव्हतं. पण आंबट व्हायच्या आधी वास बिघडतो, हे तिनेच कारखान्यात किती जणींना शिकवलं होतं. पोर कुरकुरायला लागली.

“देऊ ना?” सुनेने विचारलं.

“ओतून टाक.”

“नासलंय?”

“मला माहीत नाही.”

असं उत्तर त्या घरात तिच्या तोंडून कोणी ऐकलं नव्हतं. भावजय हात पुसत दारात आली.

“माहीत नाही म्हणजे?” भाऊ म्हणाला. “किती प्यायलीस तू?”

“दोन घोट. चुळा भरण्याइतकेसुद्धा नाहीत.” ताईने चमचा खाली ठेवला. “मला वास येत नाही. जिनचा येत नाही, दुधाचा येत नाही, कशाचाच येत नाही. कुठे येतो का ते बघत फिरत होते.”

भावाची नजर पंख्यावरून उतरली. ताईच्या चेहऱ्यावर येऊन ती तिथेच थांबली. भावजय पटकन म्हणाली, “सर्दी असेल हो. हवाच तशी आहे.”

“सर्दी नाही.” ताई उठली. पातेलं सुनेच्या हातातून घेऊन तिने ते स्वतः मोरीत रिकामं केलं, नळ सोडला, आणि तिथूनच, मागे न वळता, सगळ्यांना सांगितलं, “यापुढे या घरात कोणी मला काही हुंगायला द्यायचं नाही. सोमवारी सकाळी मी कारखान्यात कळवणार आहे आणि तिथून डोक्याच्या डॉक्टरकडे जाणार आहे. ” मग ती भावाला म्हणाली, “तू रजा टाक. माझ्याबरोबर यायचंय तुला.”