तोंडाचं खातं कोणतं?

बुसानच्या आमच्या रुग्णालयात प्यो बाईला सगळे मावशी म्हणतात. आम्ही दोघी पेशंटला चोवीस तास सोबत करणाऱ्या बायका, तिची खाट माझ्या शेजारी. खाट म्हणजे पेशंटच्या पलंगाखालून ओढून काढायची बुटकी फळी. मावशीला दुसरा पत्ताच नव्हता. चार वर्षं हेच, पेशंट बदलला की फळी बदलायची.

तिची पेशंट मेंग आजी. अर्धांगाचा झटका आलेला, गिळता येईना म्हणून नाकात नळी, आणि ती उपटू नये म्हणून हातांत जाड मोजे. महिना होत आला तसं मोठ्या डॉक्टरांनी ठरवलं, आता पोटाला भोक पाडून नळी घालायची. पण भोक कोणाचं? पोटविकारवाले म्हणाले, दुर्बीण घालून दहा मिनिटांत करतो. क्ष-किरणवाले म्हणाले, दुर्बीण कशाला, बाहेरूनच सुई टोचतो. सर्जनसाहेब हसले, "दोघांचं फसलं की शेवटी माझ्याच दारात येता!" आजीच्या पलंगाशी सोयरीक जुळवल्यासारखी घासाघीस चालली होती.

मावशी मध्येच म्हणाली, "नाक नाकवाल्यांचं, पोट तुमचं. मग तोंडाचं खातं कोणतं?"

"दातांचं, मावशी!" एक तरुण डॉक्टर म्हणाला. सगळे खिदळले.

"हसा. आजीला गिळता येतंय."

"तुम्ही कशातल्या तज्ज्ञ?"

"लाळ पुसण्यातली. तीन आठवडे पुसली. चार दिवस झाले, पुसायला काही उरत नाही. जाते कुठे मग?"

मोठ्या डॉक्टरांनी आजीला तपासणीला पाठवलं. गिळण्याची तपासणी तळघरात होते. तिथे भोक पाडत नाहीत, म्हणून कोणाला आठवली नव्हती. आजी पास झाली. नळी निघाली, मोजे निघाले, आणि मावशी तासभर बसून वाटीभर घट्ट पेज चमच्याने भरवू लागली.

आठवड्याने आजीची लेक आली. "मावशी, तुमचे उपकार कसे फेडू! आई जेवते, आता घरी नेते. उद्यापासून तुम्ही मोकळ्या."

माझं डोकंच फिरलं. "गप्प बसली असतीस तर वर्षभर फळी होती तुला!"

"बसले असते गं," मावशी चादरीची घडी घालत म्हणाली, "पण शेजारी कोणी जेवायला बसलं की आजी माझ्याकडे बघायची."

निघताना आजीने तिची बाही धरली. जीभ अजून जड होती, तरी शब्द स्पष्ट आले, "जेवलीस का?"

मावशी हो म्हणाली. सकाळपासून तिच्या पोटात पाण्याचा घोट नव्हता.