आईसाठी राखलेली सारवणाची जमीन

मी गाव सोडलं त्या दिवशी आईने पहाटे उठून अख्खं घर सारवून काढलं. घरातलं माणूस प्रवासाला निघालं की त्याच्या पाठोपाठ केर काढायचा नाही, सारवायचं नाही, अशी आमच्याकडची रीत. "तू गेल्यावर दिवसभर केरसुणीला हात लावता यायचा नाही, म्हणून आधीच आटपलं," ती म्हणाली. हातावर दही घालताना तिच्या धुतलेल्या हातांनासुद्धा शेणाचा वास येत होता. जमीन ओली होती म्हणून मी भिंतीच्या कडेकडेने उंबऱ्यापर्यंत गेलो. बंदरावर बोट लागायची वेळ झाली होती, त्यामुळे नीट रडायलाही सवड मिळाली नाही.

राजापूरकडच्या आमच्या खेड्यातून मी वसईला मास्तरकीवर आलो ते एकेचाळीस साल. पुढे लग्न झालं, सुमती आली, आणि आम्ही भाड्याच्या एका खोलीत संसार मांडला. खोलीला खाली कोबा होता, जागोजागी उखडलेला. त्या कोब्यावर बसून मी येईल-जाईल त्याला ओल्या सारवणाचं वर्णन ऐकवत असे. तुमच्यापैकी जे माझ्यासारखे बाहेर पडलात त्यांना हे ठाऊक असेल. गाव सोडलेल्या माणसाला गावातलं सगळंच सुगंधी वाटतं, शेणसुद्धा. आणि जे मागे राहिलात, ते हे वाचून हसाल. हसा, मला ते पचेल.

वडील गेले आणि आई गावात एकटी पडली. तिने आमच्याकडे येऊन राहावं म्हणून मी जंग जंग पछाडलं. एकदाच आली. पहिल्याच दिवशी जेवणं झाल्यावर ती शेण शोधू लागली. गावी उष्टं काढलं की त्या जागी शेण लावल्याशिवाय आमची जेवणाची जागा शुद्ध होत नसे. सुमतीने ओलं फडकं घेतलं आणि कोबा पुसून टाकला. आई बघतच राहिली. "फडक्याने पुसलं की झालं?" तिने विचारलं. सुमती म्हणाली, "झालं." पंधरा दिवसांनी आई, गाय शेजारी ठेवून आलेय असं सांगून, परत गेली.

गाईचं निमित्त मला पटलं नाही. ज्या घरात सारवता येत नाही त्या घरात आईचा जीव रमणार नाही, अशी मी मनाशी खूणगाठ बांधून टाकली.

काही वर्षांनी वसईजवळच निर्मळला एका केळीच्या वाडीच्या कडेला आमचं स्वतःचं घर उभं राहिलं. पुढे बसायची खोली, मागे स्वयंपाकघर आणि चक्क वेगळं जेवणघर. सुमतीने स्टेशनाजवळच्या वखारीत जाऊन फरश्या बघून ठेवल्या. फुलाफुलांच्या सिमेंटच्या टाइल्स तिला आवडल्या होत्या, पण डाग दिसतील म्हणून तिने मन आवरलं. मागच्या दोन्ही खोल्यांना शहाबादी फरशी, असं तिने ठरवलं. मी म्हटलं, जेवणघराला फरशी घाल, पण स्वयंपाकघराची जमीन मातीचीच राहील. आई येणार आहे.

"आई येणार की नाही ते देव जाणे," सुमती म्हणाली. "पण मी इथेच आहे, ते तुम्हाला दिसतंय ना?"

मला दिसलं नाही. उलट मी तिला आईची माया काय असते यावर एक व्याख्यान दिलं.

आमचा गवंडी जुजे, पलीकडच्या किरिस्ताव आळीतला. वीट लावताना तोंडात विडी आणि बोलणं रोखठोक. तो ओळंबा खाली ठेवून म्हणाला, "मास्तर, एका घरात दोन जमिनी कशाला? फरशीवरचं पानी मातीत मुरंल. आन् सारवनार कोन? तुमी?"

मी हसलो. पुरुषाने सारवायचं ही कल्पनाच मला विनोदी वाटली होती. आज ते हसू आठवलं की कानशिलं तापतात. शेवटी जुजेने जेवणघरात फरशी बसवली, आणि स्वयंपाकघरात माती ओतून, पाणी मारून, चोपून जमीन केली.

आईने यायचं कबूल करायला जवळजवळ एक वर्ष घेतलं. ते वर्षभर सुमती वाडीवाल्यांच्या गोठ्यातून शेण आणत होती आणि ओणवी होऊन सारवत होती. पावसाळ्यात जमीन वाळेना. पाटावर बसलं की पाटाखाली ओल यायची. उन्हाळ्यात भेगा पडून त्यांत मुंग्या झाल्या. सुमती चकार शब्द बोलली नाही, आणि तिचं बोलणं बंद झालं याचा अर्थ तिला पटलं असा मी घेतला. शहाण्या माणसाने सहसा करू नये अशी ती चूक.

आई आली त्या दिवशी सुमतीने स्वयंपाकघर सारवून रांगोळीची चार बोटं ओढली होती. आई पाय धुऊन जेवणघरात आली आणि मध्येच थांबली. उघडं पाऊल फरशीवर पुढेमागे सरकवून बघितलं, मग खाली बसून तळहात फिरवला. मला धीर निघेना. मी तिला हाताला धरून स्वयंपाकघराच्या दारात नेलं. "आई, ही जमीन मुद्दाम तुझ्यासाठी राखलीय."

आईने जमिनीकडे पाहिलं. मग सुमतीचा हात ओढून घेतला, उताणा केला. बोटांच्या पेरांना चिरा पडल्या होत्या.

"मेल्या," ती माझ्याकडे वळून म्हणाली, "सहा वर्षांची असल्यापासून सारवतेय मी. मला ते आवडतं म्हणून तुला कोणी सांगितलं? त्या भाड्याच्या खोलीत ही एका फडक्यात मोकळी झाली, तेव्हा मला वाटलं होतं, आपल्या नशिबी हे का नव्हतं! आणि तू इथेही मला शेणात घालणार होय?"

सुमती फिसकन हसली. पहिल्यांदा मला लाज वाटली, अगदी मनापासून. आणि लगेच असं हायसं वाटलं की मी तिथेच उंबऱ्यावर टेकलो. इतकी वर्षं ज्या आईला मी जिंकू पाहत होतो ती माझ्या मनातच राहत होती. ही खरी आई कितीतरी सोपी होती.

दुसऱ्या दिवशी जुजेला बोलावलं. "मी तवाच बोललो व्हतो," एवढंच म्हणून त्याने माती उकरायला घेतली. फरशी निवडायला या खेपेला सासू-सुना गेल्या आणि मला घरी ठेवलं. आईने म्हणे प्रत्येक फरशी बोटाच्या पेराने वाजवून पाहिली, पाणी शिंपडून पाय घसरतो का ते पाहिलं, आणि वखारवाल्याला घाम फोडला. फरशी बसल्यावर तिने कोपऱ्यात तांब्याभर पाणी ओतलं. ते सरळ मोरीकडे धावलं तेव्हा कुठे जुजेला चहा मिळाला.

त्याला आता तीन-चार वर्षं झाली. आई अजूनही जेवण झालं की स्वतः फडकं मारते आणि मग गार फरशीवर पाय लांब करून बसते. मला गावाची आठवण येते, तिला येत असावी, पण तिची आठवण मी आता तिच्या वतीने काढत नाही. तिला विचारतो.

परवा गावाहून शेजारणीचं पत्र आलं. तुम्ही ठेवून गेलेली गाय सांभाळतोय, पण तुम्ही घरी कधी येताय, असं विचारलं होतं. आईला लिहिता येत नाही. मी कागद घेऊन बसलो. ती फरशीवर पाय लांब करून बसली. मग म्हणाली,

"लिही, गाय आता तुमचीच. मी घरीच आहे."