जिनिंगच्या गल्लीतले ओटे

पुलगावला मोठी गाडी सोडली आणि आर्वीच्या छोट्या गाडीत बसलो. ऐंशी साल नुकतंच उलटलं होतं. आमच्या गावची सूतगिरणी बंद पडून समोरचा रस्ता ओसाड झाला होता. तिथे काय करता येईल, हे आर्वीत पाहून यायला नगरपालिकेने मला, म्हणजे तिच्या ओव्हरसियरला, धाडलं होतं. गाडी इतकी निवांत की शेजारच्या बाईने सोलून दिलेलं अख्खं संत्रं संपलं तरी पुढचं स्टेशन येईना.

जिनिंगची गल्ली पाहिली आणि शीण गेला. एके काळी इथे कापसाच्या बंड्यांची (बैलगाड्यांची) रीघ लागायची, माणसाला पाय ठेवायला जागा नसे. जिनिंग बंद झालं, तेव्हा गाड्या आत येऊ नयेत म्हणून लोकांनी गल्लीच्या दोन्ही तोंडांशी दगड रोवले आणि कडुनिंब लावले. आता त्या सावलीत बायका तुरीच्या शेंगा सोलत बसल्या होत्या. गल्लीच्या कडेचे बसायचे ओटे पाहून मात्र माझं डोकं फिरलं. पहिले चार अगदी जवळ जवळ, पुढचे लांब लांब! वाकडंतिकडं बांधकाम मला बघवत नाही. तणतणतच शेवटच्या ओट्यावर बसलो.

"अवं साहेब, ओला हाये थो!"

विजारीला सिमेंट लागलं आणि ओट्यावर माझा ठसा उमटला. थापी घेऊन धावत आलेले किसनजी गवंडी हसले. हे असं अंतर कसं, मी विचारलं.

"बायकोले लकवा मारला होता, साहेब. धा पावलं चालली का थके. जिथं थकली, तिथं म्या ओटा बांधला. काल इथवर आली."

म्हणजे जवळ जवळ बांधलेले ते चार ओटे तिचे पहिले दिवस होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"आता पुन्हा गिलावा द्या लागते," ते म्हणाले. "संध्याकाळी येईन थे माही बायको. बसन कुठं?"

मी एवढं नुकसान करूनही शेंगा सोलणाऱ्या बायकांनी मला भाकर आणि वांग्याची भाजी वाढली. तिखटाने डोळ्यांत पाणी आलं, असं मी त्यांना सांगितलं.

उन्हं उतरली तशा किसनजींच्या बायको कौसल्याबाई काठी टेकत आल्या आणि ओल्या ओट्याशी थांबल्या.

"थांब, खुर्ची आणतो," किसनजी म्हणाले.

"काऊन? पाय त चालून राह्यले."

पुढे जिनिंगचं बंद फाटक होतं. तिथे त्या पूर्वी रेच्यावर (सरकी काढायच्या यंत्रावर) कामाला होत्या. किसनजी हात पुढे धरून शेजारून चालले, मी मागून. शेंगा सोलणाऱ्या बायका उठून उभ्या राहिल्या. कौसल्याबाईंचा हात फाटकाच्या गजाला लागला, तेव्हा कुठे मी श्वास सोडला.

"इथं ओटा काऊन नाई बांधला?" त्यांनी धापा टाकत विचारलं.

किसनजी म्हणाले, "तू इथवर येशीन, असं वाटलं नोतं मले."

"मले वाटलं होतं," त्या म्हणाल्या आणि खुशाल मातीत बसल्या.

आर्वीचे हे उपकार मी जन्मभर विसरणार नाही. घरी पोचलो त्याच्या दुसऱ्या दिवशी शेजारच्या आक्कांकडे गेलो. गुडघ्यांमुळे त्या वर्षानुवर्षं उंबऱ्याबाहेर पडल्या नव्हत्या. त्यांना हाताला धरून गिरणीच्या रस्त्यावर नेलं.

"मला रे कशाला?" त्या कुरकुरल्या.

"दमलात की सांगा," मी म्हणालो आणि खिशातून खडू काढला.