शून्याची एकच जागा

सुरुचीला विमा कंपनीतली नोकरी श्रीरंगकाकांनी लावून दिली. तिचे वडील काळूराम यांच्या गिरीज गावातल्या वाडीतली भाजी वसईत काकांच्या फ्लॅटवर जायची; ओळख तेवढीच.

कंपनीच्या मेनफ्रेमवर, म्हणजे हिशेबाच्या मोठ्या जुन्या संगणकावर, काका वर्षानुवर्षं असेम्ब्लर भाषेत प्रोग्राम लिहीत आले होते. त्यांनीच तिला शिकवलं, की बरोबरचं (=) चिन्ह टाकून आकडा थेट आज्ञेत लिहिला की तो लिटरल. प्रोग्राम यंत्राच्या भाषेत उतरवताना असेम्ब्लर असे आकडे शेवटी गोळा करतो, आणि एकच आकडा कितीही ठिकाणी लिहिला तरी त्याला जागा एकच देतो. "त्या जागेत चुकूनही काही लिहायचं नाही," काका बजावत.

सुरुचीने नवी तपासणी जोडली: हप्त्यांची बाकी शून्य असेल तरच दावा मंजूर. शून्य तिने लिटरल म्हणून लिहिला. चाचणीत सगळं ठीक निघालं. बदल प्रत्यक्ष कामाला लागताच मात्र मेलेल्यांच्या वारसांचे दावे धडाधड नामंजूर होऊ लागले.

तिने शोधून काढलं. काकांची जुनी ओळ तोच शून्य एका उपप्रोग्रामच्या हाती देत होती आणि तो त्याच जागेत आपलं उत्तर लिहीत होता. चाचणीत ती ओळ चाललीच नव्हती; आता मात्र शून्याच्या जागी भलताच आकडा बसे आणि सुरुचीची तपासणी बाकी त्याच्याशी ताडून बघे. आजवर तो शून्य दुसऱ्या कुणाला लागलाच नव्हता, म्हणून खपून गेलं होतं.

तिने काकांना फोन केला. "बघतो," ते म्हणाले. मग ऑनलाइन मीटिंगमध्ये शांतपणे म्हणाले, "सुरुचीचा बदल लागू झाल्यावरच हे सुरू झालं." शब्द खोटा नव्हता. ती बोलू लागली तेव्हा मॅनेजरने तिचा माइक बंद केला. काकांनी आपली ओळ गुपचूप सुधारली. सुरुचीला काढून टाकलं.

रविवारी काळूराम तिला हाताला धरून काकांकडे घेऊन गेले.

"साहेब, तुमी हिला वर आनली, हिनं तुमचं नाव घालवलं. पाया पड गं."

"बाबा, चूक यांच्या ओळीत होती."

काळूरामांनी तिच्या थोबाडीत मारली, काकांच्या बायकोसमोर.

"असू दे हो," काका म्हणाले. "या वयात व्हायचंच."

ती वाकली. काकांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

पुढच्या कंपनीने तिच्याविषयी काकांनाच विचारलं. ते म्हणाले, "मुलगी चांगली आहे, फक्त चूक कबूल करत नाही." ती नोकरी हातची गेली.

आता ती वसईच्या कोर्टाजवळ झेरॉक्सच्या दुकानात बसते. घरी जेवते, झोपते, वडिलांशी बोलत नाही. त्यांना वाटतं, पोरीला अजून लाज वाटतेय.